आईसाठी शुभेच्छापत्र : निवड, हस्तकाम आणि टपाल यांविषयी ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडून घेतलेल्या शुभेच्छापत्राची आतली उजवी बाजू नेहमी कोरी असते. तेथे मजकूर छापायचा राहून गेला असावा, असे समजून दर वर्षी काही ग्राहक पत्र बदलून मागण्यासाठी परत येतात, आणि त्यांना काउंटरवर उभ्याउभ्या जे सांगावे लागते ते एकदा नीट लिहून काढावे, या हेतूने हे माहितीपत्रक तयार केले आहे. मुखपृष्ठावरील चित्र, अक्षररचना, कागद आणि पाकीट ही आमची जबाबदारी आहे. आईला काय म्हणायचे ते मात्र आपण आपल्या हाताने लिहावे, अशी आमची विनंती असते.

दिवस आणि प्रसंग

मे महिन्यातील दुसऱ्या रविवारचा मातृदिन अमेरिकेतून आपल्याकडे आला. ॲना जार्व्हिस यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ १९०८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील ग्राफ्टन येथे पहिला कार्यक्रम घडवून आणला आणि १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तो दिवस देशभर पाळण्याचे जाहीर केले. पुढे याच जार्व्हिसबाईंनी छापील शुभेच्छापत्रांवर कडाडून टीका केली. आईला चार ओळी स्वतः न लिहिता विकतचे कार्ड पाठवणे त्यांना निव्वळ आळसाचे लक्षण वाटे. शुभेच्छापत्रे विकणाऱ्या दुकानाने ही हकिकत सांगावी हे जरा विचित्र दिसेल, परंतु त्यांचे म्हणणे आम्हाला पटलेले आहे.

आपल्याकडील मातृदिन श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरीला येतो. त्या दिवशी आई खीरपुरीचे वाण डोक्यावर धरून ‘अतीत कोण?’ असे विचारते आणि मागे उभे असलेले मूल ‘मी’ असे म्हणून ते वाण घेते. पिठोरीसाठी शुभेच्छापत्र मागणारे ग्राहक अजून थोडेच आहेत. त्यांपैकी नोकरीनिमित्त दूर राहणाऱ्या एका ग्राहकाने गेल्या खेपेस कोऱ्या बाजूवर ‘मी’ एवढे एकच अक्षर लिहिले आणि खाली तारीख घातली. कोरी बाजू कशासाठी, हे आम्हाला याहून चांगले सांगता येणार नाही.

साठी, पंचाहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शन या प्रसंगांची पत्रे आम्ही मागणीनुसार करतो. दोन पौर्णिमांमधील अंतर सरासरी साडेएकोणतीस दिवसांचे असल्यामुळे हजार पौर्णिमा पूर्ण होण्यास ८० वर्षे आणि सुमारे १० महिने लागतात, म्हणून हा सोहळा ८१व्या वर्षात करतात. तरीही घरोघरी गणना थोडी वेगळी असते, तेव्हा पत्रावर तिथी छापून हवी असल्यास ती घरच्या गुरुजींना विचारूनच आम्हाला कळवावी.

मुखपृष्ठ निवडताना

बहुतेक ग्राहक स्वतःला आवडलेले पत्र निवडतात आणि ते वाचायचे कोणाला आहे हे विसरतात. आईला मोतीबिंदू असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर गुलाबी पार्श्वभूमीवरील सोनेरी अक्षरे तिला दिसणार नाहीत, आणि चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचा उजेड पडला की अक्षरांऐवजी तो उजेडच दिसतो. साठीपुढील आईसाठी मॅट कागद, पांढऱ्या किंवा फिकट रंगावर काळी अथवा गडद निळी अक्षरे आणि किमान १६ पॉइंटचा टाइप आम्ही सुचवतो. देवनागरीत हे अधिक महत्त्वाचे ठरते, कारण बारीक टाइपात पहिल्यांदा नाहीसे होतात ते अनुस्वार आणि रफार.

चित्राच्या बाबतीत एक गोष्ट नाजूक असली तरी सांगणे भाग आहे. हळदीकुंकवाचा करंडा, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या अशी चित्रे आमच्याकडे आहेत; वडील हयात नसतील, तर अशी चित्रे काही आयांना चालतात, काहींच्या मनाला लागतात. निर्णय आपणच घ्यावा, आम्ही काउंटरवर तसे विचारणार नाही. हाच विवेक पाकिटावरील नावापुढे काय लिहायचे यालाही लागू आहे. ‘सौ.’ असे लिहिणे सर्वांनाच लागू पडत नाही, ‘गं. भा.’ ही जुनी पद्धत आता अनेकींना दुखावते, आणि ‘श्रीमती’ हा शब्द सर्व स्त्रियांसाठी वापरता येत असला तरी जुन्या पिढीच्या कानांना तो वैधव्यदर्शक वाटतो. काहीही न लावता केवळ नाव आणि आडनाव लिहिले तरी पत्र पोहोचते आणि कोणी रागावत नाही.

मजकुराविषयी

बाजारातील मराठी शुभेच्छापत्रांत ‘आपण आमच्या जीवनाचा आधार आहात’ अशा धाटणीची वाक्ये आढळतात. आपल्या घरांत आईला ‘तू’ म्हणतात. ‘आपण’ म्हटल्याबरोबर ते पत्र सोसायटीच्या अध्यक्षांना पाठवल्यासारखे वाटते. सासूबाईंना पत्र लिहीत असाल, तर ‘अहो आई’ आणि ‘तुम्ही’ हे जसे घरात चालते तसेच कागदावर चालू द्यावे. पत्राच्या मायन्याला जुनी रीत ठेवायची असेल, तर सख्ख्या आईवडिलांना ‘तीर्थरूप’ आणि त्यांच्या जागी असलेल्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’ असे लिहिण्याचा संकेत आहे; या दोन्हींची अदलाबदल झाल्यास जुन्या वळणाच्या आईच्या ते पहिल्याच ओळीत लक्षात येईल. त्याखाली ‘शि. सा. न.’, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, लिहिले की मायना पूर्ण होतो.

त्यापुढे काय लिहावे, असे पुष्कळ जण विचारतात. ‘तुझे उपकार फेडता येणार नाहीत’ हे खरे असले तरी ते कोणाच्याही आईला लिहिता येते, आणि म्हणून तिला ते आपले वाटत नाही. एकच प्रसंग घ्यावा आणि तो बारकाव्यासह लिहावा : दहावीच्या वर्षी मला पहाटे उठवायचे म्हणून तू गजरावर विसंबून न राहता स्वतःच जागी राहायचीस, किंवा पहिल्या पगाराच्या साडीचा रंग तुला आवडला नव्हता, हे मला तेव्हाच कळले होते. अशा दोन ओळी पुरतात. लांब मजकूर लिहायचा असेल, तर तो आधी साध्या कागदावर लिहून पाहावा, कारण आमच्या जाड कागदावर खाडाखोड लपत नाही.

मुखपृष्ठावर मजकूर छापून हवा असल्यास तो टंकलिखित स्वरूपात पाठवावा आणि प्रूफ शांतपणे वाचावे. मोबाइलवरून आलेला युनिकोड मजकूर आम्ही श्रीलिपीत, म्हणजे छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या मराठी संगणक-प्रणालीत, घेतो तेव्हा एखादे जोडाक्षर फुटण्याची शक्यता असते, आणि ते आपल्या नावात फुटले तर आमच्या नजरेतून सुटू शकते. ‘आशीर्वाद’ हा शब्द मात्र आम्ही न विचारता दुरुस्त करतो. तो ‘आर्शिवाद’ असा इतक्या वेळा लिहून येतो की, त्यासाठी ग्राहकाला फोन करणे आम्ही सोडून दिले आहे.

स्वतः करणाऱ्यांसाठी

ज्यांना संपूर्ण पत्र स्वतःच तयार करायचे आहे, त्यांना आम्ही कोरा कागद आणि पाकीट सुटे देतो. २५० जीएसएमचे, म्हणजे दर चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचे, आयव्हरी कार्ड पुण्यात अप्पा बळवंत चौकातील कागदाच्या दुकानांतही सहज मिळते. हातकागद हवा असल्यास शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचे नाव घ्यावे लागते. १९४० मध्ये सुरू झालेली ही संस्था सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद बनवते, आणि त्याच्या न कापलेल्या कडा मुखपृष्ठावर फार शोभतात. मात्र हातकागद खरखरीत असतो आणि त्यावर फाउंटन पेनची शाई फुटण्याचा संभव असतो, म्हणून आधी कोपऱ्यातील तुकड्यावर लिहून पाहावे. आर्ट कार्डाची अडचण उलटी असते : त्याच्या गुळगुळीत थरात शाई मुरत नाही, त्यामुळे जेल पेनने लिहिल्यावर काही मिनिटे हात दूर ठेवावा, नाहीतर तळहाताने शेवटची ओळ पुसली जाते.

पत्र बिघडते ते बहुधा घडीच्या जागी. यंत्रावर तयार झालेल्या कागदातील तंतू एका दिशेने बसलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती स्वच्छ येते, आडवी घातली तर कागद तडकतो आणि घडीवर पांढरी रेघ उमटते. दिशा ओळखण्यासाठी कागद दोन्ही बाजूंनी न मोडता हलका वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो ती घडीची बाजू होय. नंतर स्टीलची पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने मुखपृष्ठाच्या बाहेरील अंगावर खाच ओढावी आणि घडी अशी घालावी की, खाचेमुळे मागे उठलेला उंचवटा आत राहील. अनेकांचे हात नेमके उलटे जातात. खाच आत आणि उंचवटा बाहेर राहिला, तर घडीवरचा ताण वाढतो आणि जाड कागद तेथे फुटतो.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल वापरायचे असेल, तर ते अगदी पातळ थरात लावावे आणि पत्र सुकेपर्यंत जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावे, कारण त्यातील पाण्याने कागद फुगतो. छायाचित्र चिकटवायचे असल्यास दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी अधिक सोयीची असते. फुले लावायची असतील, तर सदाफुली आणि गुलमोहराच्या पाकळ्या वर्तमानपत्राच्या घडीत आठवडाभर ठेवल्या की छान सपाट होतात. सोनचाफा मात्र काळा पडतो. बकुळीची फुले सुकल्यावरही वास धरून ठेवतात हे खरे, परंतु ती पत्रावर चिकटवू नयेत. ती पाकिटात टपालाच्या माराने चुरडतात. घरी जाऊन स्वतः देणार असाल, तर ती निराळ्या पुडीत द्यावीत.

परगावाहून आणि परदेशातून मागणी

आमचे बरेच ग्राहक परदेशात असतात आणि आई कोथरूडला किंवा सदाशिव पेठेत. अशा वेळी ‘मजकूर तुम्हीच कोणाकडून तरी सुंदर अक्षरात लिहून घ्या’ असे सांगितले जाते. ते आम्ही करत नाही, कारण आईला मुलाचे अक्षर ओळखू येते, आणि तिसऱ्याच कोणाचे वळणदार अक्षर पाहून ती फोनवर पहिला प्रश्न तोच विचारते. त्याऐवजी आपण पांढऱ्या, रेघा नसलेल्या कागदावर काळ्या शाईने मजकूर लिहावा, दिवसाउजेडी खिडकीजवळ ठेवून बरोबर वरून छायाचित्र घ्यावे आणि कागदावर स्वतःच्या हाताची सावली पडू देऊ नये. त्यातील कागदाचा रंग काढून टाकून आम्ही फक्त अक्षरे कोऱ्या बाजूवर छापतो. अक्षर वाईट असल्याची काळजी करू नये. आम्ही ते सुधारत नाही आणि सुधारून देण्याची मागणी स्वीकारत नाही.

टपाल

साध्या पत्राला पहिल्या २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचे तिकीट लागते आणि पुढील प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५ रुपये. २५० जीएसएमचा ए-फाइव्ह कागद घडी घालून केलेले पत्र सुमारे ८ ग्रॅमचे असते आणि पाकिटासह ते १२ ग्रॅमच्या आसपास राहते. ए-फोर कागदाचे मोठे पत्र एकटेच सुमारे १६ ग्रॅमचे होते, आणि पाकीट धरले की ते २० ग्रॅमची मर्यादा ओलांडते. हा फरक लक्षात न घेता तिकीट लावल्यास पत्र नॉटपेड होते आणि पोस्टमन उरलेले पैसे दंडासह आईकडून मागतो. ‘रजिस्टर करून पाठवा’ असे अजूनही सांगितले जाते; २०२५ मध्ये नोंदणी टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, त्यामुळे पोहोच हवी असल्यास आता स्पीड पोस्टच करावे लागते. लाखेचा शिक्का, शिंपले, बटणे आणि चमकी यांनी सजवलेले पाकीट दिसायला देखणे असले तरी शिक्के मारताना तेच आधी तुटते. पिठोरीच्या सुमारास पाऊस असतो, तेव्हा पत्र आतल्या बाजूस पारदर्शक पिशवीत घालावे.

पिनकोड शेवटच्या ओळीत सुटा आणि ठळक लिहावा. कोथरूड म्हणून सदाशिव पेठेचा ४११०३० घातला, तर पत्र आधी पेठेत जाऊन येते. या सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवीही होते, याचे आम्हाला मराठी माणसे म्हणून थोडे कौतुक आहे.

मातृदिन रविवारी येतो आणि रविवारी साधे टपाल वाटले जात नाही, म्हणून पत्र शनिवारपर्यंत पोहोचेल अशा बेताने पुण्यातल्या पुण्यात ४ दिवस आणि परगावी ८ दिवस आधी टाकावे. पत्ता लिहिण्यापूर्वी मात्र घरी एक फोन जरूर करावा. मे महिन्यात आई बहुधा पुण्यात नसते. ती आंब्यांसाठी कोकणात गेलेली असते किंवा बहिणीच्या बाळंतपणासाठी नाशिकला, आणि दर वर्षी आमच्याकडची दोन-तीन पत्रे बंद दाराखालून आत सरकवली जाऊन जूनपर्यंत तेथेच पडून राहतात.