मद्यपान करून वाहन चालवणे (कोकण)

मद्याच्या अंमलाखाली रस्त्यावर वाहन हाकणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खाली गुन्हा आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला की पुरे. चालक डुलत होता की ताठ बसला होता, हे कोणी पाहत नाही. पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या खेपेस दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. नाक्यावर पावती फाडून प्रकरण मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते.

३० हा आकडा फार लहान आहे. ८ टक्के मद्यार्काची ६५० मिलिलिटरची एक स्ट्राँग बिअर थोड्या वेळात रिचवली, तर सत्तरेक किलोच्या पुरुषाच्या रक्तातले प्रमाण ८० च्या आसपास जाते. यकृत ते तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरवते. लिंबू सरबत, सोलकढी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. तारकर्ली, काशीद किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर पहाटे दोन वाजता १५० वर असलेला माणूस सकाळी सातला घावणे-चटणी खाऊन परतीला निघतो, तेव्हा तो अजून ७५ वर असतो. झोप झाली, डोके दुखते आहे, म्हणजे उतरली, असे त्याला अगदी प्रामाणिकपणे वाटते. माडीला दारू न मानणारेही पुष्कळ आहेत. माडावरून उतरवलेला रस काही तासांतच आंबतो, आणि फुंकर मारायच्या यंत्राला झाड कळत नाही.

मद्याने अंतराचा अंदाज चुकतो, समोरच्या दिव्यांनी दिपलेले डोळे सावरायला वेळ लागतो. सरळ, रुंद रस्त्यावर यातले थोडेफार खपून जाते. आंबोली किंवा फोंडा घाटात, पावसात, धुक्यात नाही. खरा धोका मात्र गावातल्या रस्त्याचा. एका गाडीपुरते डांबर, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, कठड्याविना साकव, आणि रात्री उबेला डांबरावर बसलेली गुरे. ‘घर तर इथेच आहे’ म्हणून हेल्मेट हँडलला अडकवून निघालेला दुचाकीस्वार याच रस्त्यावर असतो.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांलगतची मद्यविक्री ५०० मीटर आत हलवायला लावली. लहान वस्त्यांसाठी ते अंतर पुढे २२० मीटर झाले. अर्धा किलोमीटर आतल्या दुकानात लोक गाडी घेऊनच जातात, हा भाग वेगळा. सिंधुदुर्गात गोव्याची स्वस्त दारू हाकेच्या अंतरावर आहे. गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी ओलांडली म्हणून मर्यादा बदलत नाही, कायदा केंद्राचा आहे. येताना डिकीत बाटल्या असतील, तर महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याखाली वेगळा गुन्हा.

अपघातानंतरचा तास कोकणात बराचसा रस्त्यावरच जातो. सावंतवाडी-कुडाळकडचा डोक्याला मार लागलेला रुग्ण अनेकदा थेट गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यावा लागतो. मागे पळणाऱ्या नातेवाइकांचा खर्च निराळा. कोणी दगावले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होते. मरण ओढवू शकते याची चालकाला जाणीव होती, असे ठरले तर प्रकरण कलम १०५ मध्ये, म्हणजे सदोष मनुष्यवधात जाते.

विम्याचा भाग कोणाच्या ध्यानात नसतो. चालक प्यालेला होता हे सिद्ध झाले की विमा कंपनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळते. जखमींची किंवा मृताच्या वारसांची भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरण बहुतेकदा कंपनीला आधी भरायला लावते आणि तीच रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देते. मालक म्हणजे पुष्कळदा चालकाचा बापूस किंवा थोरला भाऊ. गाडीचे हप्ते तोवर चालूच असतात.