‘सिद्ध नाही’ आणि ‘नाहीच’

नागपुरात कस्तुरचंद पार्कजवळच्या तर्री-पोह्याच्या गाडीवर देवाचा विषय निघाला की एक घोळ ठरलेला. एक म्हणतो, “देव आहे हे मला काही पटलं नाही.” दुसरा लगेच, “मग नाही हे सिद्ध करून दाखव ना बे!” पहिल्याने ‘नाही’ म्हटलेलंच नसतं. तो फक्त पुरावा मागत असतो आणि मागणाऱ्यावर सिद्ध करायची जबाबदारी येत नाही.

‘देव नाहीच’ असं ठणकावणारा मात्र दावा करतो. मग त्यालाही कारणं द्यावी लागतात. आमच्यातले काही नास्तिक इथे चलाखी करतात: जोशात असले की ‘नाहीच’, कोंडीत सापडले की ‘मी कुठे काय म्हटलं?’

हा फरक जुना आहे. सांख्य दर्शनाच्या सांख्यसूत्रांत ‘ईश्वरासिद्धेः’ (ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून) असं सूत्र आहे. सोळाव्या शतकातला भाष्यकार विज्ञानभिक्षू याने त्यावर बोट ठेवलं, की ईश्वर नाही असंच म्हणायचं असतं तर सूत्रकाराने ‘ईश्वराभावात्’ (ईश्वर नाही म्हणून) म्हटलं असतं. (विज्ञानभिक्षू स्वतः ईश्वर मानणारा, तेव्हा हे त्याच्या सोयीचंही होतं.)

‘नाही हे सिद्ध करताच येत नाही’ हेही खरं नाही. भाट्ट मीमांसकांनी, म्हणजे कुमारिल भट्टाच्या परंपरेतल्या तत्त्वज्ञांनी, त्यासाठी ‘अनुपलब्धी’ (न आढळणं) हे वेगळं प्रमाणच, म्हणजे ज्ञानाचं साधनच, मानलं. जी वस्तू असती तर दिसलीच असती, ती दिसली नाही, तर ती तिथे नाही. फुटाळा तलावाच्या काठावर हत्ती उभा नाही, हे एका नजरेत कळतं. तळाच्या गाळात कुणाची अंगठी पडलेली नाही, हे तसं कळत नाही. म्हणून आधी विचारावं, कोणता देव? नवसाला हमखास पावणारा देव तपासता येतो, कारण नवस फळले की फसले हे मोजता येतं. निर्गुण निराकाराला ही कसोटी लागूच होत नाही. पण म्हणून तो सिद्धही होत नाही.

वकील मंडळी इथे कोर्ट आणतात. भारतीय पुरावा कायदा, 1872 चं कलम 101, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 104: जो तथ्य मांडतो, त्यानेच ते शाबीत करावं. तत्त्व तेच, पण कोर्टाला निकाल द्यावाच लागतो. पोह्याच्या गाडीवर ‘अजून ठरलं नाही’ म्हणून उठता येतं.

आता दीक्षाभूमी. ऑक्टोबर 1956 मध्ये बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांना लोक सरसकट ‘देव नाही’चा जाहीरनामा समजतात. पहिल्या प्रतिज्ञेत ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव न मानण्याचा, त्यांची उपासना न करण्याचा निश्चय आहे. निश्चयाला पुरावा मागायचा नसतो. तो पाळला की मोडला, एवढंच विचारता येतं. पाचवी मात्र बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचा प्रचार खोटा ठरवते. तो दावा आहे, त्यामुळे तिथे ग्रंथ काढून बसावं लागतं. अर्थात, अवतार म्हणणाऱ्यांनी आपले ग्रंथ आधी काढावेत.