आधी खराटा, मग कीर्तन: शाळेत येणाऱ्या पाहुण्यांची पार्श्वभूमी

सातारा-सांगलीकडच्या शाळांमध्ये पावसाळा ओसरला की पाहुण्यांची ये-जा सुरू होते. कुणी सर्पमित्र येतो, कुणी रक्तदानाविषयी बोलायला डॉक्टर येतात, कुणी गणपतीत निर्माल्य गोळा करणारे कार्यकर्ते असतात. पटांगणात सतरंज्या अंथरल्या जातात, शाल-नारळाऐवजी आता एखादं रोप हातात दिलं जातं आणि सूत्रसंचालन करणारी नववीतली मुलगी घसा साफ करते. हे सगळं एखाद्या परिपत्रकाने सुरू झालं असं वाटत असेल, तर ते खरं नाही. त्याची मुळं या मातीत फार आधीची आहेत.

गाडगे महाराज गावात आले की आधी खराटा हातात घेत. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनाला उभं राहायचं. कीर्तनातही एकट्याने बोलत राहणं नव्हतं. समोरच्या बायाबापड्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचं. स्वच्छता, कर्ज, दारू, शिवाशिव, मुलांचं शिक्षण या विषयांवर ऐकणाऱ्याला बोलतं करण्याची ही रीत मला आजही सर्वांत खरी वाटते.

त्यांचा आणि कर्मवीर भाऊराव पाटलांचा स्नेह होता. १९५४ साली कराडला निघालेल्या कॉलेजला भाऊरावांनी महाराजांचंच नाव दिलं. भाऊराव स्वतः सत्यशोधक परंपरेतले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, हाताने स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. अशा वसतिगृहात येणाऱ्या पाहुण्याला माणुसकीवर निराळं व्याख्यान द्यायची गरजच नव्हती. मुलं ती रोज पंगतीत जगत होती. बाहेरून आलेल्याने ती बघायची आणि जाताना चार शब्द बोलायचे.

पुढे स्वच्छता आणि निसर्ग हा विषय सरकारी झाला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने निसर्गाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरलं. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. हेतू चांगलाच होता, पण झालं काय, तर पुस्तक आलं, वही आली आणि गुण आले. दुष्काळी आटपाडीच्या पोरानेही हिमनद्या वितळण्याची कारणं पाठ केली. त्याच्या गावचा ओढा फेब्रुवारीतच का आटतो, हे त्याला कुणी विचारलं नाही.

मधल्या काळात ही उणीव भरून काढली ती बाहेरून येणाऱ्या माणसांनी. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. तिचे कार्यकर्ते शाळाशाळांतून चमत्कारांमागचं विज्ञान करून दाखवत. मूर्ती दान करा, निर्माल्य नदीत टाकू नका, हेही त्यांनीच घरोघर नेलं. ज्यांच्या आजोबांना ही गोष्ट पटत नव्हती, त्या घरांत ती मुलांमार्फत पोचली.

मग दुष्काळ आणि पूर स्वतःच वर्गात शिरले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. आपल्या कृष्णेचं पाणी तहानलेल्या अनोळखी माणसांकडे जातंय, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच कृष्णेने सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट धरतात. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. शाळांच्या खोल्यांत पूरग्रस्त राहिले. ज्या बाकावर आपण बसतो त्यावर कुणाची तरी आजी झोपली होती, हे कळलेल्या मुलाला ‘मदत’ या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून द्यावा लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला आणि स्थानिक जाणकारांकडून शिकायला सांगितलं आहे. कागदावर हे नवं असलं, तरी आपल्याकडे ते घडतच होतं.

मिरज तालुक्यात नदीकाठच्या एका शाळेत मी असाच एक तास पाहिला. पाहुणे होते पुरात होडी चालवलेले एक भोई काका. त्यांनी माईक घेतलाच नाही. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन काढला, झाकण आवळलं, कडीतून दोर ओवला आणि तो छातीशी कसा बांधायचा ते दाखवलं. “झाकण सैल राहिलं तर सगळं फुकट,” म्हणाले आणि कॅन वर्गभर फिरवला. प्रत्येकाने झाकण पिळून पाहिलं. मग बाकावर चढून त्यांनी भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं तिथे खडूने रेघ मारली. ती खिडकीच्या वर होती.

सहावीतल्या एका मुलीने विचारलं, “काका, तुमच्या म्हशी?”

“दोन सोडल्या. तिसरीच्या दाव्याला निरगाठ होती. भिजून आवळली, सुटलीच नाही.”

वर्ग गप्प झाला. काकांनी शिपायाकडून बादलीभर पाणी मागवलं, दोराचे तुकडे त्यात बुडवले आणि एका ओढीत सुटणारी सुरगाठ शिकवायला घेतली. मुलं ओले दोर बाकांच्या पायांना बांधत आणि सोडत बसली. तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा ती मुलगी चौथ्यांदा गाठ मारत होती.