मिहाईन लोपेसला पाडणं इतकं अवघड का होतं?

6 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये ग्रीको-रोमन कुस्तीच्या 130 किलो गटाची अंतिम लढत झाली, तेव्हा क्युबाच्या मिहाईन लोपेसला बेचाळीस पूर्ण व्हायला दोनच आठवडे बाकी होते. टोकियो ऑलिंपिकनंतर तीन वर्षं तो कोणत्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरलेला नव्हता. समोर होता यास्मानी अकोस्ता. खेळत होता चिलेकडून, पण जन्माने क्युबन आणि एकेकाळी लोपेसचाच सरावातला जोडीदार. लोपेसने 6-0 ने कुस्ती मारली. बीजिंग, लंडन, रिओ, टोकियो आणि पॅरिस मिळून एकाच वैयक्तिक प्रकारात पाच सुवर्णपदकं झाली. लांब उडीत कार्ल लुईस, पोहण्याच्या एकाच शर्यतीत मायकेल फेल्प्स आणि केटी लेडेकी यांची प्रत्येकी चार आहेत. पाच दुसऱ्या कुणाचीच नाहीत.

‘प्रचंड ताकद’ हे याचं उत्तर लगेच सुचतं, पण मला ते अपुरं वाटतं. वरच्या गटात उतरणारा प्रत्येक मल्ल प्रचंड ताकदीचाच असतो. पॅरिसच्या उपांत्यपूर्व फेरीत लोपेसने हरवलेला इराणचा अमीन मिर्झाजादे त्या वेळी विश्वविजेता होता आणि वयाने कितीतरी तरुण. सारख्या वजनाच्या, जवळपास सारख्या ताकदीच्या दोन शरीरांमध्ये एक पडतं आणि दुसरं उभं राहतं, याचं कारण तोलाच्या गणितात शोधायला हवं.

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू, उंचीच्या साधारण 55-56 टक्क्यांवर, बेंबीच्या किंचित खाली असतो. लोपेसची उंची 1.96 मीटर. तो ताठ उभा राहिला तर गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे 1.1 मीटरवर येईल. पावलांमध्ये 60 सेंटिमीटर अंतर धरलं, तर त्याला बाजूला कलंडवायला सुमारे 15 अंश झुकवावं लागेल, आणि तेवढ्यात त्याचा गुरुत्वमध्य फक्त 4 सेंटिमीटर वर उचलला जाईल. त्यापुढचं काम गुरुत्वाकर्षणच करतं. आता तोच माणूस गुडघ्यांत वाकला, गुरुत्वमध्य 80 सेंटिमीटरपर्यंत खाली आला आणि पावलं 90 सेंटिमीटर फाकली, की कोन 29 अंशांवर जातो आणि गुरुत्वमध्य जवळजवळ 12 सेंटिमीटर उचलावा लागतो. 130 किलो वजनासाठी पहिल्या ठिकाणी सुमारे 50 ज्यूल ऊर्जा पुरते, दुसऱ्या ठिकाणी 150 लागतात. माणूस तोच, वजन तेच, पण पाडण्याची किंमत तिप्पट. हा हिशेब शरीराला ताठ ठोकळा मानून केलेला आहे. खऱ्या लढतीत मल्ल क्षणोक्षणी पाय हलवतो, त्यामुळे किंमत आणखी वाढते.

इथे ग्रीको-रोमनचा नियम लोपेसच्या मदतीला येतो. या प्रकारात कमरेखाली पकड करता येत नाही आणि पायाने डावही मारता येत नाही. आपल्याकडच्या मैदानात उंच मल्लाला पहिली भीती असते ती एकेरी किंवा दुहेरी पटाची, म्हणजे एक किंवा दोन्ही पाय धरून पाडण्याच्या डावाची, कारण लांब पाय म्हणजे समोरच्याला मिळालेलं आयतं गिऱ्हाईक. ग्रीको-रोमनमध्ये पटच नाही. त्यामुळे उंचीचा तोटा पुष्कळसा नाहीसा होतो आणि लांब हातांचा फायदा तेवढा उरतो. पिनार देल रिओ प्रांतातल्या एर्रादुरा गावच्या या मुलाचं शरीर आणि हा खेळ यांची जोड फार नेमकी जमली होती.

पण भारी वजनाची एक अडचण असते. स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि वजन आकारमानावर. शरीर मोठं होत जातं तसं वजन ताकदीपेक्षा वेगाने वाढतं. टोकियोत 2 ऑगस्ट 2021 ला, लोपेसने चौथं सुवर्ण घेतलं त्याच दिवशी, क्युबाच्याच लुईस ओर्ताने 60 किलो गटात सुवर्ण जिंकलं. दोघांची तुलना केली तर लोपेसचं वजन सव्वादोन पटींच्या जवळ जातं, पण नुसत्या आकाराच्या हिशेबाने ताकद पावणेदोन पटींपेक्षाही कमीच भरते. म्हणजे दर किलोमागे मोठ्या मल्लाकडे जवळपास पाऊण हिस्साच ताकद असते. म्हणूनच हलक्या गटांत माणसं हवेत उडताना दिसतात आणि वरच्या गटात बराच वेळ नुसती खडाखडी चालते.

लोपेस मात्र अशा वजनाच्या माणसांनाही उचलायचा. 130 किलोचं वजन म्हणजे साधारण 1,275 न्यूटन. ते कण्यापासून अर्धा मीटर दूर धरलं तर पाठीच्या खालच्या भागावर सुमारे 640 न्यूटन-मीटर इतका फिरवणारा जोर येतो. छातीला चिकटवून अंतर 20 सेंटिमीटरवर आणलं की तोच जोर 255 वर उतरतो. त्यामुळे उचलण्याच्या डावात खरी झुंज त्या तीस सेंटिमीटरसाठी चालते. वरचा मल्ल खालच्याच्या पोटाला विळखा घालून त्याला स्वतःच्या छातीत ओढतो, खालचा कंबर मॅटवर दाबून तेवढं अंतर राखू पाहतो.

जो मल्ल आक्रमण टाळतो त्याला पंच मॅटवर पालथा घालतात आणि दुसऱ्याला वरून पकड मिळते. आपले मल्ल ज्याला भारंदाज म्हणतात तो कमरेचा विळखा घालून उलटवण्याचा डाव इथूनच लागतो. खालच्याने हात बाजूला पसरला की कोकणातल्या होडीला उलांडी, म्हणजे बाजूला बांधलेला तरंगता ओंडका, जे करते तेच हात करतो, लोळायला अटकाव. वरच्याला मग आधी तो आधार मोडावा लागतो. लोपेस या दोन्ही बाजूंना पक्का होता. टोकियोत चारही लढतींत त्याने एकही गुण दिला नाही. उपांत्य फेरीत समोर तुर्कस्तानचा रिझा कायाल्प होता, रिओच्या अंतिम फेरीतला जुना प्रतिस्पर्धी, आणि तिथेही निकाल 2-0 लागला.

वयाचा प्रश्न मला सगळ्यात कुतूहलाचा वाटतो. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि त्यात जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंचं नुकसान जास्त होतं. म्हणून झपाटा आधी कमी होतो, आवळून धरण्याची ताकद बरीच वर्षं टिकते. ज्या खेळात स्फोटक धाव लागते तिथे चाळिशीतला खेळाडू संपलेला असतो. छातीला छाती भिडवून, मानेवर हात टाकून, इंच-इंच ढकलत चालणाऱ्या खेळात मात्र टिकणारी ताकदच उपयोगी पडते. शिवाय लढतीत तीन-तीन मिनिटांचे दोन टप्पे आणि मध्ये 30 सेकंदांची विश्रांती असते. स्नायूंतला तातडीच्या ऊर्जेचा साठा, क्रिएटिन फॉस्फेट, पूर्ण जोर लावल्यास दहा-एक सेकंदांत ओसरतो. निम्मा परत भरायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. प्रत्येक डावाला उसळी मारणारा तरुण तो साठा उधळत राहतो. लोपेस समोरच्याला मॅटच्या कडेकडे रेटत न्यायचा आणि खरा जोर दोन-तीन वेळाच लावायचा.

तो जोर कधी लावायचा हे त्वचा आणि स्नायू सांगतात. डोळ्यांनी पाहून हालचाल करायला माणसाला साधारण 200 मिलिसेकंद लागतात, स्पर्शावरून त्याहून कमी. स्नायू अचानक ताणला गेला तर मेरुरज्जूमार्फत येणारा प्रतिसाद 50 मिलिसेकंदांच्या आतही सुरू होतो. पकडीत असलेला मल्ल समोरच्याचा खांदा हलण्याआधी त्याचा भार कोणत्या पावलावर गेला हे हातांनी वाचतो. हे वाचन फक्त वेगवेगळ्या शरीरांशी रोज झुंजूनच शिकता येतं.

क्युबाकडे नेमकं तेच होतं. लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, म्हणजे मुंबईहून कमी. 1961 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी क्रीडासंस्थेच्या शाळांमधून मुलं निवडली जातात आणि कुस्ती-ज्यूदोतले अव्वल खेळाडू हवानाच्या सेर्रो पेलादो केंद्रात एकत्र राहून सराव करतात. एकाच छपराखाली देशातली सगळी उत्तम शरीरं. अकोस्तासारख्याला याची दुसरी बाजू सोसावी लागली, कारण लोपेस असताना क्युबाच्या संघात त्या गटाची जागा रिकामी होणारच नव्हती.

याच व्यवस्थेतून रोनाल्दो वेइतिया या प्रशिक्षकाने महिला ज्यूदोचा संघ घडवला. 1992 मध्ये बार्सिलोनात महिला ज्यूदोला पहिल्यांदा पदकांचा दर्जा मिळाला आणि तिथेच ओदालिस रेवेने सुवर्ण आणलं. सोव्हिएत संघ कोसळल्यामुळे बेटावर अन्नाचीही टंचाई होती त्याच दशकात ग्वान्तानामोच्या द्रिउलिस गोन्सालेसने अटलांटात 56 किलो गटाचं सुवर्ण जिंकलं. 1992 ते 2004 या चार ऑलिंपिकमध्ये तिने 56, 57 आणि 63 किलो अशा तीन गटांत चार पदकं मिळवली. वजनगट बदलला की प्रतिस्पर्ध्याच्या गुरुत्वमध्याची उंची, आवाका, वेग सगळंच बदलतं. हे जमवणं मला एखाद्या जादा सुवर्णाइतकंच मोठं वाटतं.

ज्यूदोत समोरच्याचा तोल आधी मोडायचा असतो आणि या टप्प्याला कुझुशी म्हणतात. कसंही उभं राहा, दोन्ही पावलांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात असलेली दिशा कमकुवतच राहते. ज्यूदोका, म्हणजे ज्यूदो खेळणारी, आधी ढकलते, समोरची तोल सावरायला उलट जोर लावते, आणि त्याच क्षणी पोशाखाची बाही धरून तिला त्याच दिशेने ओढलं जातं. पुढे दोन वाटा आहेत. धोबीपछाडीसारख्या डावात स्वतःची पाठ किंवा कंबर टेकू बनते आणि समोरची तिच्यावरून फिरते. यात वळून खाली शिरावं लागतं, त्यामुळे ऊर्जा जास्त जाते. दुसऱ्या वाटेत वरचं धड मागे ढकलायचं आणि त्याच वेळी पाय उलट दिशेने झाडायचा. दोन विरुद्ध बलं शरीराला जागच्या जागी फिरवतात आणि कुणाला पाठीवर उचलून घ्यावं लागत नाही.

78 किलोंवरच्या गटात वजनाला वरची मर्यादाच नाही. तिथे इदालिस ओर्तिसने 2008 ते 2021 या काळात चार ऑलिंपिकमध्ये एक सुवर्ण, दोन रौप्य आणि एक कांस्य मिळवलं. लंडनच्या अंतिम लढतीत जपानच्या मिका सुगिमोतोविरुद्ध कुणालाच गुण मिळाला नाही आणि पंचांनी ओर्तिसच्या बाजूने कौल दिला. टोकियोत आकिरा सोनेविरुद्धही नियमित वेळ गुणाविना संपली. जादा वेळेत ओर्तिसला तिसरी ताकीद मिळाली आणि सुवर्ण गेलं.

अशा लांबलेल्या लढतींत सगळ्यात आधी हाताचा पुढचा भाग दगा देतो. बोटं जोराने आवळली की त्या स्नायूंच्या आतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात, ऑक्सिजन पोहोचत नाही आणि आम्लता साचत जाते. मांडीचे स्नायू आकुंचन आणि शिथिलतेच्या तालात रक्त खेळतं ठेवतात, पण सतत आवळलेल्या मुठीला ती उसंत मिळत नाही. पकड सैल झाली की बोटांतून येणारी समोरच्याच्या तोलाची खबरही अंधूक होते. म्हणून ज्यूदोका सरावात गुंडाळलेला पोशाख धरून लोंबकळतात, त्याच कापडाच्या आधाराने स्वतःला वर ओढतात, आणि लढतीत पंचांनी थांबवताच पहिल्या सेकंदाला हात झटकून बोटं मोकळी करतात.