परसातील खेळसाहित्याखालची जमीन

घराच्या आवारात झोका, घसरगुंडी किंवा चढायची शिडी बसवण्याआधी जागा सारखी करणे, पाण्याला वाट काढून देणे आणि पडणाऱ्या लेकराला झेलेल असा मऊ थर पसरणे, या कामांचा येथे विचार केला आहे. ग्रामीण विदर्भात त्यातला अवघड भाग म्हणजे काळी माती.

बेसाल्टपासून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट गटाची चिकणमाती भरपूर असते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ गाडलेले खांब त्यामुळे सैल होऊन कलतात. म्हणून खड्डा जमेल तेथे खालच्या मुरमापर्यंत न्यावा आणि काँक्रीटचा माथा मऊ थराखाली राहील असा भरावा. खोदाईला पावसाळ्यानंतरचा वाफसा, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी अशी ओलसर असण्याची वेळ, उत्तम. मे महिन्यात त्याच जमिनीत सब्बल मुश्किलीने शिरते.

पावसाळ्यात पाय रुतणारी हीच माती उन्हाळ्यात दगडासारखी होते. ‘मातीतच तर पडते लेकरू’ या भरवशावर मऊ थर टाळणे धोक्याचे आहे, कारण खरी भीती डोक्याच्या माराची असते. सारवलेले अंगण, चोपलेला मुरूम, गवत यांपैकी काहीही पुरेसे नाही; कोबा तर सर्वांत घातक.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेनुसार दबून बसलेली 9 इंच रेती सुमारे 4 फुटांवरून पडण्यापुरती, तर तेवढ्याच जाडीच्या लाकडी ढलप्या 10 फुटांपर्यंत चालतात. झोक्यासाठी ही उंची आडव्या दांडीपर्यंत मोजतात. रेती गावोगाव मिळते खरी, पण 7–8 फुटांच्या झोक्याखाली ती अपुरी पडते, शिवाय भिजली की घट्ट बसते. तेथे आरागिरणीतल्या बारीक, अणकुचीदार नसलेल्या आणि रसायन न लावलेल्या ढलप्या बऱ्या. थर दबतो, म्हणून सुरुवातीला 12 इंच भरावा. तो साहित्याच्या चहूबाजूंना 6 फुटांपर्यंत पसरलेला असावा. झोक्याच्या पुढे-मागे मात्र दांडीच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे 8 फुटांच्या झोक्याला दोन्हीकडे 16 फूट.

काळ्या मातीत खोदलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात (जिथे जमिनीखालचे पाणी खारट आहे) आणि भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात तर खोदण्यापेक्षा भर घालून जागा उंच करणेच शहाणपणाचे. तळाला उतार, त्यावर गिट्टीचा थर, वर पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड आणि मग ढलप्या. कापड नसेल तर चिखल वर येऊन ढलप्यांत मिसळतो.

खांबावर 9 इंचांची रंगीत खूण केली की थर कमी झालेला लगेच दिसतो. झोक्याखाली पाय घासून खळगा पडतो, तो वरचेवर भरावा लागतो. ओलसर ढलप्यांत वाळवी आणि विंचू येतात. त्यामुळे थर हाताने नव्हे, दाताळ्याने उलथावा. कुजलेल्या ढलप्या पावसाळा संपल्यावर बदलाव्यात.