फियाटच्या पोटात जिप्सीचा जाळ

जालन्यात माझ्या मावसभावाकडे त्याच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. घरात तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही, सगळ्यांची ती ‘फियाट’च. 1089 सीसीचं इंजिन, 40 अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. यंदा त्यानं तिच्यात जुन्या मारुती जिप्सीचं 1298 सीसीचं, 80 अश्वशक्तीचं इंजिन बसवून घेतलं. “दादा, पावर डबल म्हणजे स्पीड डबल. समृद्धीवर नेतो की नाही बघ.” मे महिन्यातल्या पहिल्याच चकरेत अंबड रोडला बॉनेटखालून वाफ निघाली. मिस्त्री म्हणाला, “लई तापायलीय. नजर लागली असंल.” दुसऱ्या दिवशी पुढच्या जाळीवर लिंबू-मिरची लटकलेली होती.

ही हौस काही नवी नाही. 1985 मध्ये प्रीमियरनं स्वतःच फियाट 124 च्या अंगात निसानचं 1171 सीसीचं इंजिन घालून 118 एनई बाजारात आणली. अॅम्बेसेडरलाही पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन मिळालं. जिप्सीची निवडही अक्कलहुशारीची आहे. तिचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसतं आणि फियाटची मागची चाकं फिरवायला गिअरबॉक्ससकट कामी येतं.

स्पीड डबल होण्याचं मात्र विसरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो ढकलायला लागणारी शक्ती घनानं. शक्ती दुप्पट केली की वेग वाढतो तो दोनाच्या घनमुळाइतका, म्हणजे जेमतेम सव्वापट.

आता वाफेकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. जळालेल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानानं चौथा हिस्सा चाकांकडे जातो. सगळ्यात मोठा वाटा सायलेन्सरमधून उडून जातो. आणि चाकांना मिळते जवळपास तेवढीच उष्णता इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरते. ती बाहेर फेकायचं काम रेडिएटरचं.

पण 80 अश्वशक्तीचं इंजिन सदानकदा 80 अश्वशक्तीची उष्णता ओकत नसतं. सपाट रस्त्यावर 60 च्या वेगाला फियाटला सहा-सात अश्वशक्ती पुरतात. समृद्धीच्या 120 ला लागतात तीसेक. तीस अश्वशक्ती म्हणजे 22 किलोवॉट, आणि तेवढीच उष्णता पाण्यात. घरातला गिझर 2 किलोवॉटचा असतो. म्हणजे दहा-अकरा गिझर एकाच वेळी चालू, आणि पाणी तेच, रेडिएटरमधलं एका घागरीहूनही कमी. जुनं इंजिनही 120 ला एवढंच तापलं असतं, पण त्या वेगाला त्याचे प्राण कंठाशी यायचे, म्हणून कुणी तितकं पळवायचंच नाही. रेडिएटरला आजवर सांभाळलं ते इंजिनाच्या अशक्तपणानं!

त्यात आपला मराठवाडा. रेडिएटर किती उष्णता टाकेल ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 95 अंशांवर आणि जानेवारीच्या पहाटेची हवा 15 अंशांवर, तर फरक 80. मे महिन्यात हवा 43 वर, तर फरक 52. तोच रेडिएटर, तोच पंखा, तोच वेग, पण ताकद पस्तीस टक्क्यांनी कमी. दुपारी घरातला पंखा नुसती गरम हवा फिरवतो, तसंच.

मग एरवी पाणी उकळत का नाही? जालना समुद्रसपाटीपासून 500 मीटर उंच, तिथे उघडं पाणी 98 च्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी: आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे उत्कलनबिंदू 110-120 च्या घरात जातो. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये. दाब जाताच आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

आता माझा आवडता खलनायक, बोअरचं पाणी. त्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं. कूलरच्या गवतावर जमणारा पांढरा थर हाच. उष्णतेच्या वाटेत पाणी, क्षार, नळी, पत्र्या आणि हवा असे अडथळे एकामागे एक येतात. एकसर जोडणीत विजेच्या रोधांची होते तशी त्यांची बेरीज होते. त्यात सर्वांत मोठा रोध हवेचा, म्हणून तर रेडिएटरला इतक्या पातळ पत्र्या. पण एक मिलिमीटर क्षाराचा रोध जवळपास वीस सेंटिमीटर जाड तांब्याइतका असतो, आणि अरुंद नळ्या त्यानं बुजतात ते वेगळंच. एकदा भरलेल्या पाण्यातले क्षार थोडेच असतात. पण गाडी तापते, वाफ जाते, क्षार मागे राहतात, माणूस पुन्हा बोअरचं पाणी ओततो. त्याऐवजी कूलंट आणि बॅटरीचं, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी घातलं की हे चक्रच थांबतं.

लिंबू-मिरचीबद्दल एक सांगायचं राहिलं. ती नेमकी जाळीपुढे टांगली होती, म्हणजे हवेच्या वाटेतच. पेट्रोलच्या नळीला मायलेज वाढवणारं चुंबकही अडकवलेलं दिसलं. पेट्रोलला चुंबकाचं काही देणंघेणं नसतं.

ब्रेकचं मी त्याला वेगळं सुनावलं. चारही चाकांना जुने ड्रम आहेत, आणि सव्वापट वेगाला थांबवायची ऊर्जा दीडपटीच्या वर जाते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. नोंदणीपेक्षा वेगळ्या बनावटीचं इंजिन घातलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे समृद्धीचं स्वप्न तसंही कागदावरच अडतं.

परवा तो जिप्सीचा मोठा रेडिएटर घेऊन आला. फियाटच्या जाळीमागे तो दोन बोटं मावत नाही. मिस्त्री कटर घेऊन उभा होता, आणि मावशी दारातून ओरडत होती, “ह्यांच्या गाडीचं तोंड कापायचं नाही, सांगून ठेवते.”