केबलींत लिहिलेला प्रोग्रॅम

1945 साली अमेरिकेत ‘कॉम्प्युटर’ हे माणसाच्या नोकरीचं नाव होतं. मराठीतल्या जुन्या ‘गणक’ शब्दासारखंच: गणित करून देणारी व्यक्ती. युद्धामुळे पुरुष सैन्यात गेले होते, त्यामुळे फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये हे काम बहुतांशी गणित शिकलेल्या मुली करत. तोफेचा गोळा कुठे पडेल हे सांगणारे तक्ते सैन्याला हवे असायचे. हवेचा रोध वेगानुसार बदलतो, म्हणून गोळ्याचा मार्ग एका सूत्रात बसत नाही. उड्डाणाचे बारीक बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचं गणित पुन्हा करावं लागतं. एका मार्गाला साधारण 750 गुणाकार. टेबलावरच्या यांत्रिक कॅल्क्युलेटरवर त्याला 30 ते 40 तास लागत, आणि एका तोफेच्या तक्त्यात असे मार्ग हजारोंनी असत.

हे काम यंत्राकडून करून घेण्यासाठी जॉन मॉक्ली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी इलेक्ट्रॉनिक संगणक एनिअ‍ॅक उभारला. 17,468 व्हॅक्यूम ट्यूब (विजेचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या निर्वात काचनळ्या), 40 पॅनेल, दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज. यंत्र बांधणाऱ्यांची नावं पुस्तकांत आहेत. त्याला काम सांगणाऱ्या सहा जणींची नावं मात्र बराच काळ छायाचित्रांखालीही छापली गेली नाहीत: के मॅक्नल्टी, बेटी जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बायलस आणि रूथ लिक्टरमन. ‘त्या केबली खोचायच्या’ असं एका वाक्यात त्यांचं वर्णन होतं तेव्हा खरी गोष्ट हातून निसटते. केबल खोचायला अर्धा मिनिट पुरतो. ती कुठे खोचायची हे ठरवायला आठवडे लागत.

का, ते कळायला यंत्राच्या पोटात डोकवावं लागेल.

एनिअ‍ॅकमध्ये 20 अ‍ॅक्युम्युलेटर होते. हे संख्या साठवणारे आणि तिच्यात दुसरी मिळवणारे भाग. प्रत्येकात दहा अंकी एक संख्या आणि तिचं अधिक-वजा चिन्ह मावे. प्रत्येक अंकासाठी दहा टप्प्यांचं एक वलय होतं, आणि त्यातला एकच टप्पा एका वेळी ‘चालू’ असे. विजेचा एक स्पंद आला की चालू टप्पा एक घर पुढे सरकायचा. 9 वरून 0 वर आला की शेजारच्या अंकाला हातचा. रिक्षाच्या जुन्या मीटरमधली आकड्यांची चाकं आठवा, फक्त इथे चाकांऐवजी ट्यूब. 7 हा अंक पाठवायचा म्हणजे तारेवरून सात स्पंद पाठवायचे. प्रत्येक अंकाला स्वतंत्र तार, चिन्हाला अकरावी. दोन स्पंदांत 10 मायक्रोसेकंदांचं (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) अंतर आणि हातच्यासकट एक बेरीज 200 मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाला 5,000 बेरजा.

आता ‘पहिल्या अ‍ॅक्युम्युलेटरमधली संख्या दुसऱ्यात मिळव’ एवढंच सांगायचं आहे असं धरू. आधी पहिल्यातून संख्या जिथून बाहेर पडते त्या जागेतून एक केबल अंकांच्या सामाईक मार्गिकेत न्यायची. त्याच मार्गिकेतून दुसऱ्याच्या पाच प्रवेशांपैकी एकात दुसरी केबल. मग पहिल्यावर ‘पाठव’ आणि दुसऱ्यावर ‘त्या प्रवेशातून घे’ असे स्विच लावायचे. एवढं करूनही काहीच घडणार नाही. दोघांना ‘आता’ म्हणणारा आदेश-स्पंद वेगळ्या केबलीने पोचवावा लागतो, आणि तो दोघांना एकाच वेळी मिळावा लागतो. घेणारा 200 मायक्रोसेकंद उशिरा जागा झाला, तर पाठवणाऱ्याने स्पंद पाठवून टाकलेले असतात आणि संख्या हवेत जाते. काम संपल्यावर दोघांपैकी एकाने पुढच्या पायरीसाठी नवा आदेश-स्पंद सोडायचा. त्या स्पंदाची केबल पुढे कुठे जाते, यातूनच प्रोग्रॅमचा क्रम तयार होतो. आदेशांची यादी कुठेही लिहिलेली नसते.

वजाबाकीत आणखी एक गुंता होता. वलय मागे फिरत नाही, म्हणून वजा करायच्या संख्येचा पूरक पाठवायचा. 15 मधून 7 वजा करताना 7 ऐवजी 9999999993 जातो. बेरीज होते, सर्वांत डावीकडचा हातचा दहा अंकांच्या बाहेर पडतो आणि 8 उरतात. यंत्र प्रत्येक अंक 9 मधून वजा करून पाठवी आणि शेवटच्या अंकाला एक जादा स्पंद देई. पण आपण दहाऐवजी सहाच अंक वापरत असू, तर तो जादा स्पंद कोणत्या घरात पडावा हे स्विच लावून सांगावं लागे. तो चुकला तर उत्तर वेडंवाकडं येत नाही, अगदी किंचित चुकतं. असल्या चुका शोधणं सर्वांत अवघड.

खरी परीक्षा मात्र समांतर कामांची होती. एनिअ‍ॅकचे भाग एकाच वेळी वेगवेगळी कामं करू शकत. दहा अंकी गुणाकाराला 14 बेरजांइतका वेळ लागे. तेवढ्या वेळात दुसरीकडे बेरजा उरकून घेता येत, पण नंतर दोन्ही वाटा अचूक जुळल्या पाहिजेत. एक वाट लवकर संपत असेल तर एखाद्या मोकळ्या आदेश-स्विचला ‘काही करू नको, पण इतक्या बेरजांचा वेळ घे’ असं सांगून थांबवायचं. दोन अ‍ॅक्युम्युलेटर एकाच मार्गिकेवर एकाच क्षणी बोलले, तर दोघांचे स्पंद मिसळून तिसरीच संख्या तयार होई. म्हणून कागदाच्या मोठ्या तक्त्यावर प्रत्येक भागाला एक रकाना आणि प्रत्येक बेरीज-वेळेला एक ओळ आखून, कोण केव्हा काय करतोय हे आधी पूर्ण मांडायचं. आज समांतर प्रोग्रॅमिंग हा अभ्यासक्रमात वरच्या वर्षाचा विषय मानतात. या सहा जणींना पहिल्या दिवसापासून तेच करावं लागलं.

तेही माहितीपुस्तिकेशिवाय, कारण पुस्तिका तेव्हा नव्हतीच. 1945 च्या उन्हाळ्यात त्यांना मेरिलँडमधल्या अ‍ॅबर्डीनला पंचकार्डांची, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवलेल्या कार्डांची, यंत्रं शिकायला पाठवलं. एनिअ‍ॅक गुप्त असल्यामुळे सुरुवातीला त्याच्या खोलीत जायलाही परवानगी नव्हती. हाती होते फक्त आकृत्यांचे कागद. त्यावरून प्रत्येक भाग काय करतो हे त्यांनी आपसांत वाटून घेऊन शोधून काढलं, आणि एकमेकींना शिकवलं. यंत्राची सविस्तर पुस्तिका अ‍ॅडेल गोल्डस्टाइन यांनी लिहिली, ती जून 1946 मध्ये. काही इतिहासकार आठवण करून देतात की या सहा जणींचं पद ‘ऑपरेटर’चं होतं आणि कामाच्या मांडणीत इतरांचाही हात होता. ते बरोबर आहे. पण पदाचं नाव त्या पदावरच्या कामाचं माप ठरवत नाही, आणि ‘प्रोग्रॅमर’ हे पद तेव्हा अस्तित्वातच नव्हतं.

15 फेब्रुवारी 1946 च्या प्रात्यक्षिकासाठी गोळ्याच्या मार्गाचा प्रोग्रॅम जेनिंग्ज आणि स्नायडर यांनी बसवला. हवेच्या रोधाचे आकडे ‘फंक्शन टेबल’वर होते: चाकांवर ढकलायचे तीन मोठे फलक, प्रत्येकावर 104 ओळी आणि दर ओळीत 12 अंक, प्रत्येक अंकाला हाताने फिरवायचा स्विच. एकच गणित पुनःपुन्हा करवण्याचं, म्हणजे लूपचं, काम ‘मास्टर प्रोग्रॅमर’ नावाच्या पॅनेलवर. किती फेऱ्या झाल्या हे मोजून तो आदेश-स्पंद दुसऱ्या वाटेला वळवी.

तपासणीची रीत आजही ओळखीची वाटेल. वेस्कॉफ आणि लिक्टरमन यांनी तोच मार्ग हाताने, यंत्र ज्या क्रमाने करणार त्याच पायऱ्यांनी, मोजून ठेवला. यंत्र एकेका बेरजेनंतर, हवं तर एकेका स्पंदानंतर थांबवत पुढे नेता येई. अ‍ॅक्युम्युलेटरवरच्या निऑनच्या दिव्यांवरून त्यातली संख्या वाचायची आणि कागदाशी ताडायची. जिथे आकडा जुळला नाही, त्याच्या आधीच्या पायरीत चूक. ट्यूब गेलेली असो की केबल चुकलेली, हाच धागा धरून ती सापडे. ठरावीक जागी यंत्र थांबवायचं तर तिथली आदेश-केबल उपसून काढायची. स्पंद तुटला की यंत्र तिथेच उभं. प्रोग्रॅम ठरावीक जागी थांबवायला प्रोग्रॅमर आज ‘ब्रेकपॉइंट’ लावतात. त्या शब्दाचं मूळ इथे शोधायला ओढाताण करावी लागत नाही.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्रीही एक चूक उरली होती. मार्ग बरोबर येत होता, पण गोळा जमिनीवर पोचल्यावरही गणित थांबत नव्हतं. गोळा जमिनीत शिरतच राहिला. स्नायडर घरी गेल्या, झोपल्या, आणि सकाळी येऊन त्यांनी सरळ मास्टर प्रोग्रॅमरवरचा एक स्विच एका घराने हलवला. लूपच्या फेऱ्या मोजताना एकाने होणारी चूक कोणत्याही प्रोग्रॅमरला चांगली ठाऊक असते. तिचं वय इतकं आहे. त्या दिवशी यंत्राने सुमारे 20 सेकंदांत मार्ग काढला. गोळ्याला प्रत्यक्ष उडायला त्याहून जास्त वेळ लागला असता. समारंभानंतर पाहुण्यांना मेजवानी झाली, त्यात या सहा जणींना बोलावणं नव्हतं.

वेगाच्या या कौतुकात एक अडचण झाकली गेली: नवं गणित आलं की सगळ्या केबली उपसून पुन्हा मांडायच्या. त्यावर 1947-48 मध्ये तोडगा निघाला, आणि त्यासाठीचा प्रोग्रॅमरांचा गट जीन जेनिंग्ज, आता लग्नानंतर जीन बार्टिक, सांभाळत होत्या. केबली एकदाच कायमच्या जोडून टाकायच्या, आणि त्यांतून यंत्राला ठरावीक सांकेतिक आदेश समजतील अशी सोय करायची. आदेश लिहायचे फंक्शन टेबलच्या स्विचांवर, दोन दोन अंकांत. किंमतही मोठी मोजावी लागली: समांतर कामं जवळपास बंद झाली आणि यंत्र सहा पटींच्या आसपास मंदावलं. पण आठवड्यांचं काम तासांवर आलं, आणि एनिअ‍ॅक 1955 पर्यंत तसाच चालला.

बेटी स्नायडर, म्हणजेच बेटी होल्बर्टन, पुढे युनिव्हॅक या नंतरच्या संगणकावर काम करायला गेल्या. तिथे त्यांनी सी-10 ही आदेशांची भाषा घडवली. अंकी संकेत पाठ करायला नकोत, म्हणून बेरजेसाठी इंग्रजी ‘अ‍ॅड’चं पहिलं अक्षर, वजाबाकीसाठी ‘सबट्रॅक्ट’चं, अशी आठवायला सोपी अक्षरं त्यात होती. 1951 मध्ये त्यांनी विदा (डेटा) क्रमवार लावण्याचा प्रोग्रॅम स्वतःच तयार करून देणारा एक प्रोग्रॅम लिहिला. फाइलीचा तपशील द्यायचा, आदेश तो लिहून काढी. कीबोर्डच्या उजव्या बाजूला आकड्यांच्या कळांचा वेगळा चौकोन ठेवावा, ही युनिव्हॅकवरची सूचनाही त्यांचीच मानली जाते.